अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मोठ्या बोल गेमला (bowl, म्हणजे सीझन संपल्यावरची खास मॅच) टीम कशी क्वालिफाय होते?

साधा बोल हवा असेल तर सीझनच्या 12 पैकी 6 मॅच जिंकल्या की बहुतेक वेळा काम होतं. पण रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, पीच, फिएस्टा हे जे सहा मोठे बोल आहेत ना, त्यांत आता प्लेऑफच्या (चॅम्पियन ठरवणारी नॉकआउट स्पर्धा) क्वार्टर आणि सेमीफायनल होतात, म्हणजे तिथे पोचायचं तर आधी प्लेऑफमध्येच यावं लागतं.

2024 पासून प्लेऑफमध्ये 12 टीम असतात आणि 13 जणांची कमिटी रँकिंग लावते. 2024 आणि 2025 च्या सीझनला रँकिंगमधल्या सगळ्यात वरच्या 5 कॉन्फरन्स (कॉलेज टीमचे गट) चॅम्पियनना थेट एंट्री होती, उरलेल्या 7 जागा रँकिंग बघून. पहिल्या चौघांना पहिली राउंड खेळावीच लागत नाही, ते डायरेक्ट बोलमध्ये, बाकीचे आधी 5 ते 8 नंबरवाल्यांच्या घरच्या मैदानावर भिडतात.

नुसतं जिंकून भागत नाही बरं का, समोर कोण होतं तेही कमिटी बघते. 2023 ला फ्लोरिडा स्टेट 13-0 होती, कॉन्फरन्सही जिंकलेली, तरी क्वार्टरबॅक (टीमचा मुख्य पास टाकणारा खेळाडू) जखमी म्हणून चार टीमच्या प्लेऑफमधून बाहेर ठेवली आणि एक मॅच हरलेल्या अलाबामाला घेतलं. माझ्या मते हा सरळसरळ अन्याय होता, सगळ्या मॅच जिंकलेल्या पोरांनी अजून करायचं तरी काय?