वाचकांचे प्रश्न : अलास्कातील सॅमन आणि ओढ्याकाठचा मुक्काम

प्रश्न : आम्ही चौघे येत्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात अलास्कात आहोत. अँकरेजहून मोटारीने जाऊन एखाद्या ‘क्रीक’च्या काठी दोन रात्री तंबूत राहावे, सॅमन पकडावेत आणि जमल्यास अस्वलेही पाहावीत, असा बेत आहे. कोठे जावे आणि काय काळजी घ्यावी?

उत्तर : शब्दकोशात ‘क्रीक’चा अर्थ खाडी असा दिलेला असला तरी अमेरिकेत हा शब्द बहुधा ओढ्यासाठी वापरतात, त्यामुळे नकाशावर समुद्रकिनारा शोधत बसू नका. आपल्या बेतासाठी कीनाय द्वीपकल्पातील कूपर लँडिंग या गावाजवळचा रशियन रिव्हर कॅम्पग्राउंड मला सर्वांत योग्य वाटतो. तो अँकरेजपासून सुमारे १६० किलोमीटरवर, चुगाच राष्ट्रीय वनात आहे आणि नाव ‘रिव्हर’ असले तरी पाणी उथळ व नितळ असल्याने काठावरून मासे डोळ्यांना दिसतात. जागांचे आरक्षण मात्र काही महिने आधीच करावे लागते.

अडचण आहे ती आपल्या तारखांची. या नदीत सॉकाय जातीचे सॅमन अंडी घालण्यासाठी समुद्रातून दोन लाटांमध्ये चढतात. पहिली लाट जूनमध्ये येते आणि तेथील हंगाम ११ जूनला उघडतो. दुसरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालते. जुलैचा पहिला आठवडा नेमका या दोहोंच्या मधल्या ओहोटीत सापडतो. शक्य असल्यास प्रवास जुलैच्या अखेरीस ढकलावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक पाहुण्याला मासेमारीचा परवाना लागतो आणि तो एक, तीन, सात किंवा चौदा दिवसांसाठीही मिळतो. नदीच्या ज्या पट्ट्यात सॅमनसाठी केवळ ‘फ्लाय’ (पिसे-दोऱ्याने गळावर बांधलेली कृत्रिम माशी) वापरण्याची मुभा आहे, तेथे आमिष चालत नाही आणि दोरीला वजन लावायचे तर ते फ्लायपासून किमान १८ इंच वर असावे लागते. गोड्या पाण्यात शिरलेला सॉकाय खाणे जवळजवळ सोडूनच देतो, म्हणून गळ पुष्कळदा त्याच्या पाठीत किंवा पोहण्याच्या पराला अडकतो. तोंडाखेरीज अन्यत्र अडकलेला मासा नियमाने सोडून द्यावा लागतो. दररोज किती मासे ठेवता येतील, ही मर्यादा मासे किती चढले ते पाहून ऐन हंगामातही बदलते, तेव्हा निघण्याच्या दिवशी राज्याच्या मत्स्य विभागाचे ताजे आदेश वाचावेत. नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या) तळाचे बूटही नेऊ नयेत. अशा तळातून परके जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून अलास्कात गोड्या पाण्यातील मासेमारीसाठी २०१२ पासून त्यांना बंदी आहे.

आता अस्वलांविषयी. आपण ‘जमल्यास’ म्हणता, परंतु ज्या माशासाठी आपण तेथे जाणार त्याच माशासाठी काळी आणि तपकिरी अस्वलेही काठावर उतरतात. पकडलेला मासा, डबा आणि पाठपिशवी हाताच्या अंतरावर ठेवावी. अस्वल येताना दिसले तर दोरी गुंडाळून वा तोडून मागे सरावे. गळाला लागलेला मासा पाण्यात फडफडतो तो आवाज अस्वलाला चांगलाच ओळखीचा असतो. मासा तेथेच साफ केला तर उरलेल्या सांगाड्याचे बारीक तुकडे करून ते वेगाच्या प्रवाहात भिरकावावेत, काठावर किंवा संथ पाण्यात टाकू नयेत. तंबूत खाण्याचा कोणताही पदार्थ, अगदी टूथपेस्टसुद्धा ठेवू नये. अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा विमानात कोणत्याही सामानातून नेता येत नाही. तो अँकरेजला पोहोचल्यावर घ्यावा आणि बॅगेच्या तळाशी न ठेवता कमरेला लावावा.

एक सकाळ मात्र गळ बाजूला ठेवून धबधब्यासाठी राखावी. कॅम्पग्राउंडमधूनच निघणारी पाऊलवाट जवळपास पावणेचार किलोमीटरवर रशियन रिव्हरच्या धबधब्याच्या मचाणापाशी पोहोचते. तेथे लाल होऊ लागलेले मासे उसळत्या पाण्यात झेप घेतात, कातळावर आपटून मागे पडतात आणि खालच्या डोहात क्षणभर विसावून पुन्हा उडी मारतात. जवळच्या दगडावर डिपर नावाचा राखाडी पक्षी गुडघे मोडत डोलताना दिसला तर थांबावे, कारण तो पाहता पाहता पाण्याखाली उतरतो आणि तळावरून चालत भक्ष्य शोधतो.

तारखा ऑगस्टच्या उत्तरार्धात गेल्या, तर परतीच्या वाटेवर पोर्टेज खोऱ्यातील विलिवॉ ओढ्यावरचा मासे पाहण्याचा सज्जाही गाठावा. सॅमन अगदी पायाखालच्या पाण्यात अंडी घालताना तेथे दिसतात, पण तेथे गळ गाडीतच राहू द्यावा.