बारावीचा एक पेपर आणि मिटलेले पुस्तक

प्रश्न : आदरणीय ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकले. दहावीला 81 टक्के गुण मिळाले, म्हणून तालुक्याच्या गावी अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला. यंदा बारावीत भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेत 8 आणि प्रात्यक्षिकात 20, असे एकूण 28 गुण मिळाले आणि मी नापास झाले. बाकीचे विषय कसेबसे सुटले. निकालापासून पुस्तक हातात घेववत नाही. आई वावरात धसकटे वेचायला गेली की मी पुस्तक उघडते आणि तासभर तेच पान बघत बसते. बाबा रागावले नाहीत, पण ‘पुढे काय करायचे ते आता तूच ठरव’ एवढेच बोलले. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला आहे, पण मन लागत नाही. अभ्यासाची इच्छा परत कशी आणू?

उत्तर : तुझे पत्र वाचून प्रथम जाणवले ते हे, की इच्छा परत येईल आणि मग अभ्यास सुरू होईल, अशी तू वाट पाहत आहेस. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. एखादी छोटी गोष्ट आपल्या हातून नीट पार पडली की मगच ‘हे मला जमेल’ असे मनाला वाटू लागते आणि त्यानंतर इच्छा येते. आल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाविषयी जी मांडणी केली, तिच्यात असा विश्वास देणारा सर्वांत बळकट आधार म्हणून प्रत्यक्ष हातून घडलेल्या यशालाच स्थान दिले आहे. म्हणून आज मन लागत नसले तरी हरकत नाही. सुरुवात मन न लागताच करायची आहे.

आता तुझ्या 28 गुणांकडे बघू. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात, म्हणजे कमी पडले ते 7 गुण. भौतिकशास्त्राची 70 गुणांची प्रश्नपत्रिका समोर ठेव. तिच्यात अ विभाग 18 गुणांचा, ब विभाग 16 गुणांचा, क विभाग 24 गुणांचा आणि ड विभाग 12 गुणांचा असतो. ब आणि क या दोन्ही विभागांत 12 पैकी 8 प्रश्नच सोडवायचे असतात. तुझे 8 गुण कोणत्या विभागांतून आले आणि कोणते प्रश्न तू कोरे सोडलेस, हे तुला ठाऊक आहे का? बहुतेक नसावे, कारण निकालाच्या कागदावर फक्त बेरीज असते आणि त्या एका आकड्यावरून ‘मला भौतिकशास्त्र येत नाही’ असा निष्कर्ष आपण काढून बसतो. मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर छायाप्रत आधी घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या 5 दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. पण गुण वाढोत न वाढोत, आपण नेमके कुठे अडलो हे दाखवणारा त्याहून चांगला कागद नाही. हा अंक हाती पडेपर्यंत छायाप्रतीची मुदत संपली असेल, तर प्रश्नपत्रिका घेऊन तुमच्या सरांकडे जा आणि तू काय लिहिले होतेस ते प्रश्नागणिक आठवून सांग. जून महिन्यात कपाशी उगवली की तुमच्या घरी काय करतात ते तू पाहिले आहेस: जिथे बी उगवलेच नाही तिथे नांग्या भरतात, सगळे वावर पुन्हा नांगरायला कोणी जात नाही. तुझ्या प्रश्नपत्रिकेतल्या नांग्या आधी मोजायला हव्यात.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट तू ओझरती लिहिली आहेस, पण मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेल्या मुलीच्या हाती अकरावीत अचानक इंग्रजी पुस्तक येते आणि पहिले कितीतरी महिने शब्द समजून घेण्यातच जातात. वर्गात विचारायला संकोच वाटतो, आणि पुढे तोच संकोच ‘मी हुशार नाही’ असे रूप घेतो. ग्रामीण भागातल्या अनेक मुलामुलींचे याच वळणावर फार नुकसान होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण तू रिकाम्या हाताने गेलेली नाहीस. पहिल्या प्रकरणातला ‘सेंट्रिपेटल फोर्स’ म्हणजे दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातले अभिकेंद्री बल. दुसऱ्या प्रकरणातली ‘कॅपिलॅरिटी’ म्हणजे केशाकर्षण, ज्याच्यामुळे देवापुढच्या दिव्याचे तेल वातीतून वर चढते. एक वही करून डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी शब्द आणि खाली तुझ्या भाषेत एक वाक्य, असे रोज 5 शब्द लिही. आधी मराठीत समजून घे आणि मगच इंग्रजीत उत्तर लिहायला बस.

तासभर एकच पान बघण्याऐवजी वीस मिनिटे वाच, पुस्तक मिट आणि आठवेल तेवढे कागदावर लिही. 2006 साली अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांनी विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला होता. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर, वाचून मग आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना अडखळायला होते आणि ते नकोसे वाटते, तरीही पक्के होते ते त्यामुळेच. यासाठी पहाटेची वेळ धर. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली बसून कोणाचेही मन लागणार नाही, त्यात तुझा दोष नाही.

बाबांचे वाक्य तुला तुटक वाटले असेल. मला त्यात त्यांची काळजी दिसते आणि काय बोलावे ते न सुचणेही दिसते. प्रश्नपत्रिका त्यांना दाखव, 7 गुण कमी पडले हे सांग आणि पुरवणी परीक्षेपर्यंत पहाटेचे दोन तास मला घरकामातून मोकळे द्या, असे स्पष्ट माग.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणेच नको असे विचार येत असतील, तर अभ्यास बाजूला ठेवून घरात लगेच सांग आणि 14416 या क्रमांकावर फोन कर. ही केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. ती विनामूल्य असून दिवसरात्र सुरू असते आणि मराठीतही बोलता येते.

संध्याकाळी आई वावरातून परतली की चहा झाल्यावर, त्या दिवशी वाचलेले एक पान तिला मराठीत समजावून सांग. एसटी वळणावर झुकल्यासारखी का वाटते, इतके साधे असले तरी चालेल. ‘म्हणजे काय?’ असे तिने विचारल्यावर तू जिथे थांबशील, तिथे पेन्सिलीने खूण कर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुस्तक तिथूनच उघड.