चाळणे, चाळवणे आणि तितउ

प्रश्न असा आला आहे: 'दुर्बिणीचा डेटा चाळवून अवकाशातले क्षणिक रेडिओ स्फोट शोधले' यात 'चाळवून' बरोबर की 'चाळून'? आणि 'पाखडून' चालेल का?

'चाळून'. भूक चाळवते, जुनं दुखणं चाळवतं. डेटा चाळवत नाही. हल्ली लोक पुस्तकंही 'चाळवतात'. ते ऐकून माझी झोप चाळवते.

दोन्ही क्रियापदं 'चल्' धातूची, म्हणजे मूळ अर्थ हलवणं. पण चाळणीत खरं काम करतं ते छिद्र! संस्कृतात तिला 'तितउ' असाही शब्द आहे. 'अ' आणि 'उ' शेजारी बसलेत आणि संधी नाही. संस्कृतात असे शब्द विरळाच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तो आहे: 'सक्तुमिव तितउना पुनन्तः', सातूचं पीठ चाळावं तशी शहाण्यांनी मनाने वाणी घडवली. वैदिक शब्दांची फोड करणारा निरुक्तकार यास्क तीन व्युत्पत्ती देतो, प्रत्येकीला 'वा' म्हणजे 'किंवा' जोडून. दोन सोडा. तिसरी, 'तिलमात्रतुन्न', तिळाएवढी भोकं पाडलेलं, हीच खरी. तीत छिद्राचं मापसुद्धा आहे. अमरकोश 'चालनी' आणि 'तितउ' एकाच ओळीत पर्याय म्हणून ठेवतो, ते मला मुळीच मान्य नाही. एक शब्द हालचालीचा, दुसरा छिद्राचा.

रेडिओ स्फोटांना नेमकं छिद्रच लागतं. स्फोट मिलिसेकंदांचा; पण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे त्याच्या कमी वारंवारितेच्या लहरी मागे पडतात. किती, ते आधी ठाऊक नसतं. म्हणून संगणक त्याच डेटावर विलंबाचे हजारो अंदाज लावून बघतो. अंदाज जुळला की फाकलेला संकेत एका क्षणात गोळा होतो. अंदाज म्हणजे छिद्राचं माप. कॅनडातली 'चाइम' दुर्बीण एका वेळी आकाशाच्या १०२४ दिशा धुंडाळते, प्रत्येकीत १६ हजार वारंवारिता-पट्टे, साधारण दर मिलिसेकंदाला. एवढं साठवणार कुठे? वाहत्या डेटालाच चाळणी लावायची आणि बाकीचा सोडून द्यायचा. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला असा पहिला स्फोट २००१ मध्ये नोंदला गेला, पण सापडला २००७ मध्ये, जुन्या नोंदी चाळताना.

हां, 'पाखडणे'. सुपात हलकं उडतं, जड उरतं. इथे तो प्रकार नाही. पार्क्सलाच काही संकेत हुबेहूब स्फोटांसारखे दिसत. २०१५ मध्ये कळलं की ते आवारातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे, चालू असताना दार उघडल्यामुळे आलेले. ते चाळूनही जात नाहीत, पाखडूनही नाहीत. ते निवडावे लागतात.