पहिलं महायुद्ध खरंच एका खुनामुळे पेटलं का? आणि त्याचा आपल्याशी आज काही संबंध उरला आहे का?

ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून हे निमित्त होतं. खुनानंतर युरोपातल्या बड्या सत्ता एकमेकांवर तुटून पडायला पाच आठवडे लागले, आणि माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या पाच आठवड्यांत दडलेलं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि ते आपल्या फारसं लक्षात नसतं.

शाळेत कारणांची ठरलेली यादी पाठ करून घेतात: लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण ही चारही कारणं १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा होती, १९११ मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांवर गुरगुरले तेव्हा होती, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही होती. तिन्ही वेळा कुणी ना कुणी माघार घेतली आणि मोठं युद्ध टळलं. मग १९१४ मध्ये का टळलं नाही?

२८ जूनला सारायेव्होमध्ये गाव्ह्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या बोस्नियन सर्ब पोराने ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या. कटाला सर्बियन लष्करी गुप्तहेर खात्यातल्या माणसांची फूस होती. ऑस्ट्रियाला सर्बियाचा काटा काढायचाच होता, पण पाठीशी जर्मनी हवी होती. जुलैच्या सुरुवातीला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने ‘तुम्ही काहीही करा, आम्ही आहोत’ असं आश्वासन देऊन टाकलं. रशियाची सैन्यवाढ १९१७ पर्यंत पुरी होणार होती, त्यामुळे लढायचंच तर आता, असा विचार जर्मन सेनापतींच्या डोक्यात पक्का बसला होता. मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. दोष सगळ्यांचाच होता असं म्हणायची हल्ली पद्धत आहे, पण व्हिएन्ना आणि बर्लिनच्या पदरात तो जास्त टाकावा लागतो.

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. उत्तर वाचून खुद्द कैसर म्हणाला की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. तो दिवस २८ जुलै, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं! सर्बियाच्या पाठीशी रशिया होता आणि रशियाच्या पाठीशी फ्रान्स. यानंतर सूत्रं रेल्वेच्या वेळापत्रकाकडे गेली. जर्मनीची योजना अशी, की रशियाला सैन्य गोळा करायला वेळ लागतो, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग गाड्या भरून सैन्य पूर्वेला न्यायचं. म्हणजे रशियाने जमवाजमव सुरू केली की जर्मनीला एकेक दिवस महाग. १ ऑगस्टला कैसरने विचारलं, सगळं सैन्य फक्त रशियाकडे वळवता येईल का? सरसेनापती मोल्टकेने सांगितलं, अशक्य. भांडण सर्बियावरून आणि हल्ला बेल्जियमवर, हा विचित्र प्रकार त्यातून झाला. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात दिलेली असल्यामुळे ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरलं.

परिणामांबद्दल एक ठरीव वाक्य असतं: व्हर्सायच्या तहाने जर्मनीचा अपमान केला, म्हणून हिटलर आला. हे फार सरळसोट झालं. तह १९१९ चा. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम २.६ टक्के मतं होती. १९२९ ची मंदी आली, लाखो लोक बेकार झाले, आणि जुलै १९३२ मध्ये तोच आकडा ३७ टक्क्यांवर गेला. तहाचा राग खराच होता, पण मंदी नसती तर त्याच्यावर सत्ता मिळाली असती असं मला वाटत नाही.

आता आपल्याकडे येऊ. व्हाइसरॉय हार्डिंगने भारत युद्धात असल्याचं जाहीर करताना इथल्या कुणाला विचारलं नव्हतं. दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले, सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. फ्रान्समधल्या खंदकांची वर्णनं आपण वाचतो, पण आपली सगळ्यात जास्त माणसं गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होतं आणि अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच्या रक्षणासाठी १९१४ च्या शेवटी बसऱ्याला जी फौज उतरली तिचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. बसरा मिळालं, तेवढ्यावर थांबायला हवं होतं. जनरल टाउनशेंडला बगदादपर्यंत रेटलं गेलं, बगदादजवळच्या टेसिफॉनला मार खाऊन तो कुत-अल-अमारा या गावी परतला आणि उस्मानी तुर्कांच्या वेढ्यात अडकला. जवळजवळ पाच महिने उपासमार. घोड्याचं मांस खायला बऱ्याच भारतीय शिपायांनी बराच काळ नकार दिला, त्यात स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने, माणसं खंगली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण शरण गेले आणि पुढे वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत हजारो मेले. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांपैकी बहुतेकांची नावंदेखील नाहीत, पलटणीपुढे नुसता आकडा आहे. याउलट साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव या युद्धात गेलेले आपले ४६ जण अजून मोजतं.

उस्मानी साम्राज्याचे बगदाद, बसरा, मोसूल हे तीन प्रांत जोडून ब्रिटिशांनी इराक उभा केला. १९३२ पर्यंत तिथे आपला रुपया चालत होता. १९१७ च्या बाल्फर जाहीरनाम्यात ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर देऊ केलं, त्याच्या आधी अरबांनाही स्वातंत्र्याची आशा दाखवून झाली होती. त्याचं पुढे काय झालं ते रोजच्या बातम्यांत दिसतंच.

कागदी एक रुपयाही याच युद्धाचा. चांदीची नाणी पाडायला चांदी पुरेना, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची पहिली नोट निघाली. आणि सैन्याच्या हालचालींबरोबर जगभर पसरलेला इन्फ्लुएंझा जून १९१८ मध्ये मुंबईत उतरला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. भारतातले बळी १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत धरतात, म्हणजे चार वर्षांत सगळ्या आघाड्यांवर मिळून जेवढे सैनिक मेले त्याहून जास्त. आपल्या जनगणनेत लोकसंख्या घटलेली दिसते ते एकमेव दशक १९११ ते १९२१.

राजकारणातही सगळं उलटंपालटं झालं. टिळक मंडालेहून सुटले ते युद्ध पेटायच्या जेमतेम दीड महिना आधी. सैन्यभरतीला त्यांचा विरोध नव्हता, पण बदल्यात स्वराज्य हवं होतं. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत ते हेच बोलू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना अडवलं आणि ते उठून बाहेर पडले. गांधीजी तर त्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून इंग्रजांसाठी सैनिक मागत होते. युद्ध संपलं आणि हाती आला रौलट कायदा, त्यापाठोपाठ १३ एप्रिल १९१९ चं जालियनवाला बाग. तिकडे उस्मानी सुलतान हाच मुसलमानांचा खलिफा, म्हणजे धर्मप्रमुख, आणि त्याच्या साम्राज्याचे लचके तोडल्यामुळे इथला मुसलमान समाज खवळला होता. १९२० मध्ये हे सगळे राग एकत्र बांधून असहकाराची चळवळ उभी केली ती त्याच गांधीजींनी.