ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याच्या एखाद्या ग्रहावर उभं राहिलं तर आकाशात काय दिसेल? आणि तिथे जीवसृष्टी असेल का?

त्याच्या सात ग्रहांपैकी मी ‘ई’ निवडतो. आतून मोजा की बाहेरून, तो चौथाच. आकाराने पृथ्वीपेक्षा किंचित लहान आणि आपल्याला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा त्याला मिळते.

तिथून तारा आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल. हा लाल बटू तारा खरं तर गुरूपेक्षा थोडासाच मोठा आहे, पण ग्रह त्याच्या इतक्या जवळून फिरतो की तिथलं वर्ष आपल्या सहा दिवसांत संपतं. एवढी मोठी तबकडी डोक्यावर असूनही उजेड मात्र सूर्य बुडतानाचा असतो तसा मंद, नारिंगी. ताऱ्याचं तापमान जेमतेम २३०० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे त्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त किरणांतून येते. अंगाला ऊब लागेल, डोळ्यांना दिसेल कमी. शिवाय ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम ताऱ्याकडे असते, म्हणजे तारा ना उगवणार ना मावळणार.

मला सगळ्यात मोह पडतो तो अंधाऱ्या बाजूचा. बाहेरचा शेजारी ‘एफ’ दर अठरा दिवसांनी जवळून जातो. तेव्हा तो जवळजवळ आपल्या चंद्राएवढा दिसेल आणि तोही पौर्णिमेच्या चंद्रासारखा पूर्ण उजळलेला! आतला ‘डी’ही उजेडाच्या बाजूवरून तेवढाच मोठा दिसेल, पण सर्वांत जवळ असताना त्याची काळी बाजू आपल्याकडे असेल.

तारा लहान म्हणूनच हे ग्रह सापडले. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर प्रकाश एका टक्क्याच्या शंभराव्या भागानेही घटत नाही. इथे तो अर्धा-पाऊण टक्का घटतो. २०१६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मिशेल गियों यांच्या गटाने चिलीतल्या ६० सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून पहिले ग्रह पकडले. त्या निरीक्षणांत लडाखमधल्या हान्लेची हिमालयन चंद्र दुर्बीणही होती, याचा मला फार आनंद आहे. सातांचा आकडा फेब्रुवारी २०१७ मध्ये, मुख्यतः स्पिट्झर अवकाश दुर्बिणीमुळे, कळला.

आता जीवसृष्टीचं. असे तारे तरुणपणी बराच काळ जास्त तेजस्वी असतात आणि पुढेही त्यांच्यावर ज्वाला उसळत राहतात. एवढ्या जवळच्या ग्रहांचं पाणी आणि हवा त्यात उडून जाऊ शकते. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये सर्वांत आतल्या ‘बी’च्या उजेडाकडच्या बाजूचं तापमान मोजलं, ते सुमारे २३० अंश भरलं. दाट हवा असती तर ती उष्णता मागच्या बाजूलाही वाहून गेली असती आणि पुढची बाजू एवढी तापली नसती. म्हणजे तिथे हवा जवळपास नाहीच. ‘सी’वरही शुक्रासारखं दाट कार्बन डायऑक्साइडचं आवरण आढळलं नाही. ‘ई’ मात्र थोडा दूर आहे, त्यामुळे माझी आशा त्याच्यावरच आहे.

तारा ४० प्रकाशवर्षांवर, कुंभ राशीत आहे. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही, पण नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून बरंच वर पाहिलंत तर तुमची नजर त्याच दिशेला असेल.