वाचकांचे प्रश्न: एका सहीत लाख डॉलर कसे काय?

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला एचवनबीवर (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) आहे. 2025 च्या नवरात्रासाठी घरी आला होता, घटस्थापनेला तीन दिवस राहिलेले आणि कंपनीची मेल आली की मिळेल त्या फ्लाईटने परत या, लाख डॉलर फी लागणारे. पोरगा बॅग भरून पळाला. एका माणसाच्या सहीने असं होतं? त्यांना संसद नाही का?
(एक आई, सांगली)

उत्तर: संसद आहे की ताई, काँग्रेस म्हणतात तिला, आणि सगळी गोम तिथंच आहे. याच काँग्रेसने 1952 साली इमिग्रेशनचा कायदा केला, त्यात 212 एफ नावाचं एक छोटंसं कलम आहे, की परदेशी लोकांचा एखादा गट देशात येणं अमेरिकेच्या हिताचं नाही असं राष्ट्राध्यक्षांना वाटलं तर त्यांनी त्या लोकांना थांबवावं किंवा अटी घालाव्यात, वाटेल तितके दिवस. झालं, चावीच दिली हातात. काही देशांच्या लोकांना येऊ न देणारा ट्रम्प यांचा 2017 चा ट्रॅव्हल बॅन याच कलमावर आला, दोनदा कोर्टात अडकला, तिसऱ्यांदा लिहून आणला तो 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने चालू दिला. तेव्हापासून हे कलम किती ताणता येतं ते सगळ्यांना कळलंय.

एचवनबीवर लाख डॉलर फी लावणारी ट्रम्प यांची 19 सप्टेंबर 2025 ची घोषणा पण त्याच कलमावर. शुक्रवारी सही, रविवारपासून लागू, वाणिज्य मंत्री म्हणाले दरवर्षी भरायचे, शनिवारी व्हाईट हाऊस म्हणालं नाही नाही, एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना, आणि तोपर्यंत लोक निघायच्या तयारीतल्या विमानातून खाली उतरले होते. म्हणजे तुमच्या मुलाकडे चालू व्हिसा होता तर त्याला ती फी लागणारच नव्हती. फी हा टॅक्सच झाला आणि टॅक्स लावणं काँग्रेसचं काम, असं म्हणत लोक कोर्टात गेले ते वेगळंच.

आणि एक गोष्ट फार कोणी बोललं नाही. त्याच दिवशी, त्याच टेबलावर गोल्ड कार्डच्या आदेशावर पण सही झाली, 10 लाख डॉलर द्या आणि ग्रीन कार्डाच्या वाटेला लागा. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, एका देशाला ढोबळ 7 टक्के, म्हणून आपल्याकडच्या इंजिनिअरांची लाईन कित्येक वर्षांची. पैसेवाल्यांसाठी वेगळं दार, देवस्थानातल्या व्हीआयपी पाससारखं.

प्रश्न: ओबामांनी पण सहीनेच कामं केली होती ना, मग ओरड फक्त ट्रम्पबद्दल का?
(कॉलेज विद्यार्थी, पुणे)

उत्तर: बरोबर पकडलंस. लहानपणी आई-बापांबरोबर आलेल्या बिनकागदाच्या मुलांना ओबामांनी 2012 मध्ये डाका (DACA) नावाच्या योजनेने देशाबाहेर काढण्यापासून संरक्षण दिलं ते काँग्रेसला बाजूला ठेवूनच, 2014 मध्ये ज्यांची मुलं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली आहेत अशा बिनकागदाच्या आई-बापांसाठी तसंच करायला गेले तर कोर्टाने अडवलं आणि 2016 मध्ये सुप्रीम कोर्टात 4-4 होऊन ते तिथंच मेलं. तेव्हा रिपब्लिकन हुकूमशाही म्हणून ओरडत होते, आता डेमोक्रॅट ओरडतात. पेन कोणाच्या हातात आहे ते बघून तत्त्वं आठवतात लोकांना, दोन्हीकडे.

पण मला विचारशील तर खरा दोष काँग्रेसचा. 2013 मध्ये मोठं इमिग्रेशन बिल काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, 68 विरुद्ध 32 ने पास झालं होतं, दोन्ही पक्षांच्या मतांनी, आणि खालच्या सभागृहाने, हाऊसने, ते मतदानालाच घेतलं नाही. फरक मात्र आहे हे पण लक्षात ठेव, ट्रम्पनी 20 जानेवारी 2025 ला, शपथेच्याच दिवशी, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाला हात घातला, म्हणजे आई टेम्पररी व्हिसावर आणि बाप ग्रीन कार्डवाला किंवा नागरिक नाही तर तिथं जन्मलेलं बाळ नागरिक नाही. हे तर थेट संविधानातच लिहिलेलं, 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीत. तीन दिवसांत सिअ‍ॅटलच्या एका न्यायाधीशांनी आदेश थांबवला. डाकाच्या वेळी संविधानातली ओळ कोणी बदलायला गेलं नव्हतं.

प्रश्न: सहीने एवढं होतं तर गरिबांचे पगार का वाढत नाहीत सहीने?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: हा खरा प्रश्न! देशाचा किमान पगार तासाला 7.25 डॉलर, 2009 पासून तोच. तो वाढवायचा तर काँग्रेसच पाहिजे. राष्ट्राध्यक्षांना फक्त सरकारी कंत्राटांवरच्या लोकांचा वाढवता येतो, ओबामांनी तो 10.10 केला, बायडनने 15, आणि मार्च 2025 मध्ये ट्रम्पनी बायडनचा आदेश रद्द केला, सहीनेच. बायडन विद्यार्थ्यांचं सुमारे 400 अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायला गेले तर 2023 मध्ये सुप्रीम कोर्ट 6 विरुद्ध 3 ने म्हणालं, एवढा अधिकार तुम्हाला नाही. म्हणजे बाहेरच्याला अडवायला पेन धावतं, घरातल्या गरिबाला द्यायची वेळ आली की शाई संपते. बाहेरच्याला मत नाही ना, त्याच्यावर सही करायला काही लागत नाही. आणि वरच्या 1 टक्के लोकांकडे देशाच्या संपत्तीचा 30 टक्क्यांच्या आसपास वाटा, खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून जेमतेम अडीच टक्के, तर चिडलेल्या माणसाला बोट दाखवायला कोणीतरी लागतंच.

काँग्रेसला वेळ नाही असं पण नाही हां. जुलै 2025 मध्ये त्यांनी एक भलंमोठं बिल पास केलंच, टॅक्सची सूट चालू ठेवली, गरिबांच्या मेडिकेडला, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याला, कात्री, आणि सीमा, धरपकड, डिटेन्शन यांना मिळून सुमारे 170 अब्ज डॉलर. त्यातच बाहेर पैसे पाठवण्यावर 1 टक्का टॅक्स, 2026 पासून, पण तो फक्त रोख किंवा मनीऑर्डरने पाठवणाऱ्याला. बँक खात्यातून किंवा कार्डाने पाठवलं तर माफ. म्हणजे सांगलीच्या ताईंचा मुलगा अ‍ॅपवरून घरी पैसे टाकतो त्याला काही नाही, बँकेत खातं नसलेला मेक्सिकोचा मजूर खिडकीवर नोटा मोजून देतो त्याला टॅक्स.