नावं आठवत नाहीत, मलाही आईसारखंच होणार का?

वय ५८, ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं, किचनमध्ये गेल्यावर कशाला आले तेच आठवत नाही, आईला ७९व्या वर्षी अल्झायमर झाला म्हणून रोज काय विसरले ते वहीत लिहून ठेवते, मिस्टरांना पत्ता लागू दिलेला नाही... पत्र वाचलं ताई. आधी ती वही बंद करा!

तुम्हीच लिहिलंय ना की दुपारी अडलेलं नाव रात्री जेवताना आपोआप आठवलं? मग ते गेलेलं नाहीये, सापडायला वेळ लागतोय. मेंदूचा स्पीड तिशीनंतरच हळूहळू उतरायला लागतो, नव्या आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा, लक्ष सांभाळणारा भाग वयानुसार थोडे आकसतात, पण शब्दांचा साठा साठीपर्यंत टिकतो, उलट वाढतो, आणि सायकलसारखी अंगवळणी पडलेली कामं तर फारशी हलतच नाहीत. किचनचं म्हणाल तर डोक्यात तीन गोष्टी चालू असताना आत गेलात, लक्षच नव्हतं, जे नीट नोंदलंच गेलं नाही ते आठवणार कुठून. त्यात दिवसभर स्वतःची परीक्षा घेताय, उरलंसुरलं लक्ष त्यातच जातं.

आईचं म्हणाल तर हो, जवळच्या नात्यात असेल तर धोका थोडा वाढतो, खोटं कशाला सांगू. पण एकाच जीनमुळे जवळपास हमखास होणारा प्रकार १ टक्क्याहूनही कमी पेशंटमध्ये असतो आणि तो बहुतेकदा ६५च्या आत सुरू होतो. तुमच्या आईचं तसं दिसत नाही.

मला खटकलं ते मिस्टरांपासून लपवणं. खऱ्या डिमेन्शियात, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारात, बरेचदा घरच्यांना आधी कळतं, ज्याला होतंय त्याला नाही. म्हणून त्यांनाच सरळ विचारा, मी तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते का, नेहमीच्या रस्त्यावर गोंधळते का, पैशांच्या हिशोबात घोळ घालते का? हो म्हणाले तर लगेच न्यूरोलॉजिस्ट.

नाही म्हणाले तरी फॅमिली डॉक्टरकडे एकदा जाच, बी१२ आणि थायरॉईड तपासा, कारण ते कमी असलं तरी विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. मन सतत उदास असेल किंवा ऐकायला कमी येत असेल तर तेही सांगा. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की झोपेसाठी "अधूनमधून" गोळी घेता, अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं! झोपेच्या काही गोळ्यांनी आणि सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या गोळ्यांनीही डोकं जड होतं, विसरायला होतं. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा आणि मिस्टरांना सोबत न्या.